सात नंबरचं झाड

हिंगोली
गुरुवार, १० जुलै २०२५

चि. सौ. मंजुळा हिस,

मंगळवार, ८ जुलै २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. या वेळी तू माझ्या दारासमोरचं सात नंबरचं झाड कुऱ्हाडीनं पाडायला घेतलंस. पहिला घाव मी ऐकला, दुसरा पाहिला. वेळ माझ्या भिंतीवरच्या घड्याळातली आहे. ते घड्याळ मला पोस्टातून निवृत्त होताना मिळालं आणि ते मागेपुढे जात नाही.

अनेक आशीर्वाद. राग असला तरी थोरल्या जावेनं आशीर्वाद रोखून धरायचे नसतात, म्हणून आधी ते लिहून मोकळी झाले. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि चिडायचं नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या तीन गोष्टी मी पाळते आहे.

आपल्या दोघींच्या दारांत बारा पावलांचं अंतर आहे, तरी हे पत्र मी रजिस्टरनं पाठवते आहे. धर्मसिंग पोस्टमन हसेल. हसू दे. पोचपावतीवर सही कर, अंगठा लावायचं नाटक करू नकोस. आणि हे पत्र नातीकडून वाचून घ्यायचं नाही. आरोही लहान आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू चौथीपर्यंत शिकली आहेस. चष्मा लाव, सावकाश वाच, पण स्वतः वाच.

आता मुद्द्यावर येते. आपल्या रविवार मंडळाचा नियम क्रमांक चार: गल्लीतल्या कोणत्याही झाडाला रजिस्टरात ठराव लिहिल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. हा नियम माझ्या अक्षरात आहे आणि खाली तुझी सही आहे. ठराव झाला नाही, नगरपालिकेची परवानगी घेतली नाही, मला विचारलं नाही. मी हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्यानिशी खिडकीत उभी राहून ओरडले, "मंजुळा, हे काय चाललंय?" तर तू मान वर न करता काय म्हणालीस ते मी त्याच दिवशी टिपून ठेवलंय. "झाड पाडून राहिले, अक्का. डोळ्यात भुसा जाईल, खिडकी लावून घ्या."

सात महिन्यांत तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी त्याच दिवशी अकरा वाजता रिक्षा करून नगरपालिकेत गेले आणि तुझ्या नावानं तक्रार अर्ज दिला. येत्या सोमवारी त्यांचा माणूस पंचनाम्याला येणार आहे. पंचनामा झाला की तुला नोटीस निघेल. तू काय केलंस ते तुला कळावं, एवढीच माझी इच्छा होती. चौसष्टाव्या वर्षी कचेरीत उभं राहून खुलासा देताना तुझी मान खाली गेली असती तर मला बरं वाटलं असतं. हे मी लपवत नाही. बाकी बरंच लपवलंय, त्याकडे येतेच.

पंचनाम्याला साक्षीदार लागतो. काल बुधवारी मी खाजा मियांना बोलावलं. मंगळवारी सकाळी ते चौकातल्या नळाचं काम करत होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, गवाही देतो. पण मग सगळी देईन."

"सगळी म्हणजे?"

"अक्तूबरपासूनची."

मंजुळा, मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे तू आजवर शंभर वेळा ऐकलं असशील, कारण मीच ते शंभर वेळा सांगितलंय. वडील मीटरगेजवरच्या लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून मला तिथल्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या चॅपेलमध्ये एक लाकडी खोपटं होतं. ख्रिश्चन मुली शनिवारी त्यात जाऊन आपली पापं सांगायच्या. आम्हा हिंदू मुलींना तिथे जायचं काम नव्हतं, पण मला त्या खोपट्याचं फार नवल वाटायचं. मधे जाळी. बोलायचं, पण ऐकणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही. मला वाटायचं, किती सोयीचं आहे हे. बारा पावलांवरच्या घरी रजिस्टर का पाठवते आहे, ते आता तुझ्या लक्षात येईल.

मागच्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, माझं गटाराचं चेंबर तुंबलं होतं. तू तेव्हा कुरुंद्याला भावाकडे गेली होतीस. खाजा मियांनी पाइप उघडला आणि आतून एक मूळ ओढून काढलं. तीन हात लांब, पाइपाच्याच आकाराचं गोल, केसांची घट्ट वेणी घालावी तसं. "पाइपाचा काही कसूर न्हाई मॅडम," ते म्हणाले. "पाइप बराबर होता. हे तुमच्या हिरवळीचं काम हाय. सात नंबरनं हात घातला, आता बाकीचेबी घालतील."

मी त्यांना सांगितलं, "हे कुणाला बोलायचं नाही." ते बोलले नाहीत. माणूस शब्दाचा पक्का आहे. कच्ची निघाले ती मी.

ते मूळ मी मोरीतल्या निळ्या बादलीत घातलं आणि वर पोस्टाचं जुनं पोतं टाकलं. टाकून का दिलं नाही, हे विचारू नकोस. पत्ता न लागणारी पत्रंसुद्धा आम्ही पोस्टात लगेच फाडत नसू.

का लपवलं, ते मात्र विचार. २०१९ सालच्या जुलैत, मंडळ नुकतंच निघालं होतं तेव्हा, तू कुरुंद्याहून टेम्पोतून रोपं आणली होतीस. कडुनिंब आणि करंज, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली. अकरा. मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले होते, "मंजुळा, हे शेत नाही, कॉलनी आहे." मला सावली लवकर हवी होती. साठाव्या वर्षी लावलेलं झाड सत्तराव्या वर्षी बघायला मी असेन याची मला खात्री नव्हती. नर्सरीवाला म्हणाला कोनोकार्पस लावा, दोन वर्षांत छपराला टेकेल. आपण तेवीस लावली. खरंच टेकली. पेपरात फोटो आला, गल्लीच्या तोंडाला 'हिरवी गल्ली' असा फलक लागला आणि त्यावर संयोजक म्हणून माझं नाव आलं. त्या झाडांवर सहा वर्षांत एक घरटं झालं नाही, हे तू दर वर्षी बोलून दाखवायचीस आणि मी दर वर्षी न ऐकल्यासारखं करायचे. बादलीतलं ते मूळ बाहेर काढलं असतं, तर तुझ्या दुधाच्या पिशव्या बरोबर होत्या असं मला म्हणावं लागलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधलं, मिळालं नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले, थेंब घातले, पुन्हा बसले. पुढचं लिहायचं नव्हतं.

रविवार, ८ डिसेंबर. त्या आठवड्यात तुझी मोरी दुसऱ्यांदा तुंबली होती. मंडळात तू सगळ्यांसमोर विचारलंस, "अक्का, आमच्याकडंच काहून पाणी तुंबून राहिलं?" एकोणीस बायका माझ्याकडे पाहत होत्या. आणि मी म्हणाले, "ज्यांच्या घरात अजून राखेनं भांडी घासतात, त्यांची राख गटारात जाते. गटार तुंबणार नाही तर काय होईल?" आपल्या गल्लीत राखेनं भांडी घासणारं घर एकच आहे. सगळ्या तुझ्याकडे वळल्या. कुणीतरी हसलं. मला वाटतं सपना असावी, पण तिला दोष नको, हसण्यासारखं मीच बोलले होते. तू हातातली झारी खाली ठेवलीस, पदर खोचलेला होता तो सोडलास आणि घरी गेलीस. त्यानंतर आली नाहीस.

त्या वेळी ती निळी बादली माझ्या मोरीत होती. मी सकाळी तिच्याच शेजारी उभं राहून तोंड धुऊन आले होते.

हे असं आहे, मंजुळा. राख बिचारी निर्दोष होती.

आता नांदेडचं. आपलं बोलणं बंद झालं तरी माझी किल्ली तुझ्याकडेच राहिली, हे आपल्या दोघींनाही कधी विचित्र वाटलं नाही. ऑपरेशन करून मी गेल्या शनिवारी परत आले, तर फरशीला फिनेलचा वास, पायपुसणं धुतलेलं, आणि मोरीतली बादली जागेवरून हललेली. पोतं चार घड्या घालून वर ठेवलेलं. मी ते पोतं पुन्हा पसरून बादलीवर टाकलं. मग मला राग आला, कारण शरमेपेक्षा राग बरा असतो. माझ्या मागे ही माझं घर धुंडाळते, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

काल खाजा मियांनी बाकीचं सांगितलं. मी नांदेडला असताना गुरुवारी माझं चेंबर उलटं वाहिलं. घाण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. तू दोन तास तसराळ्यानं पाणी उपसलंस, माझ्या धान्याचे डबे ओट्यावर चढवलेस, सगळं धुतलंस. उपसायला बादली हवी म्हणून ती निळी घेतलीस आणि पोतं उचललंस. खाजा मिया म्हणाले, "मंजुळाभाभी बघतच राहिल्या. मी बोललो, भाभी, मला माफ करा, मॅडमनं कसम घातली होती. त्या बोलल्या, तुमी तुमचं काम करा. अक्काचा डोळा बरा होऊन येऊ द्या."

तू माझा डोळा बरा होण्याची वाट पाहिलीस. मग तीन दिवस मी काही बोलते का, याची. रविवारी मंडळात मी हजेरी घेतली, सूचना वाचल्या, बोलले नाही. मंगळवारी तू कुऱ्हाड काढलीस. गल्लीतली बाकीची बावीस झाडं सोडून सात नंबरच का, हे मला मंगळवारी कळलं नव्हतं. माझ्या दाराचं गटार मोकळं करायला तू ते पाडलंस आणि मी तुझ्यावर तक्रार केली.

काल संध्याकाळी मी गच्चीवर गेले. किती वर्षांनी मागच्या बाजूला पाहिलं. घरांच्या पाठीमागे नाल्याच्या कडेला मला नुसता हिरवा पुंजका दिसायचा, आणि ती रानटी झुडपं आहेत असं मी धरून चालले होते. नवीन डोळ्यानं पान न् पान दिसलं. कडुनिंब आहेत. करंज आहेत. मोजले. अकरा. एकावर बगळे बसले होते, दुसऱ्यावर कावळ्याचं घरटं आहे. हिंगोलीतली अख्खी पाखरं माझ्या फलकाकडे पाठ करून तिथे राहायला गेली आहेत. तू सहा वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस, की अक्का, मागे येऊन बघा.

म्हणायला हवं होतंस. हा तुझा दोष. मी तो रजिस्टरात लिहिणार नाही, पण इथे लिहिते.

आता काय होईल ते ऐक. मंगळवारचा अर्ज मी मागे घेत नाही. परवानगीशिवाय झाड तोडलंस हे खरं आहे आणि खरं ते खोडायचं नाही, हे मला मदर सुपिरियरनं पट्टीनं शिकवलंय. उद्या शुक्रवारी मी त्या अर्जाला पुरवणी जोडते आहे. या झाडाची मुळं गटारात शिरल्याचं संयोजक म्हणून मला नऊ महिने माहीत होतं, मी ते मंडळापासून लपवलं, ते झाड काढायला मीच अर्ज करायला हवा होता, असं त्यात लिहिलंय. नोटीस काढायची असेल तर दोघींच्या नावानं काढा, असंही लिहिलंय. उरलेली बावीस रीतसर परवानगीनं काढण्याचा दुसरा अर्जही सोबत आहे. सोमवारी त्यांचा माणूस येईल तेव्हा मी दारात उभी असेन. तू घरातून बाहेर येऊ नकोस, बोलायला मी पुरेशी आहे.

रविवारी सकाळी सात वाजता मी निळी बादली मंडळात घेऊन जाणार आहे. एकोणीस बायकांसमोर मूळ बाहेर काढीन आणि डिसेंबरात जे म्हणाले ते खोटं होतं असं म्हणेन. हे मी तू असलीस तरी करीन, नसलीस तरी करीन. पण नव्या रोपांच्या खड्ड्यात वाळवी लागू नये म्हणून राख घालतात, असं तूच एकदा सांगितलं होतंस. आपल्या गल्लीत राख एकाच घरात मिळते. ती मला मागावी लागेल, आणि मी ती सगळ्यांसमोर मागेन.

तुझ्याकडून मला लेखी उत्तर हवं आहे. बावीस झाडं कोणत्या क्रमानं काढायची, म्हणजे गल्ली एकदम उघडी पडणार नाही. त्यांच्या जागी कुठे कडुनिंब, कुठे करंज, आणि गटारापासून किती हातांवर. कुरुंद्याहून रोपं कधी येतील. 'बघू', 'तुमी म्हणाल तसं' असली उत्तरं चालणार नाहीत. सहा वर्षं मी म्हणाले तसंच झालंय, त्याचं फळ तुला उपसावं लागलं.

आणखी एक. हजेरीच्या रजिस्टरात डिसेंबरपासून तुझ्या नावापुढे मी गैरहजर असं एकदाही लिहिलेलं नाही. जागा कोऱ्या आहेत. तीस रविवार. वाटल्यास येऊन मोज.

उत्तर शनिवार, १२ जुलै, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत. दाराखालून सरकवलंस तरी चालेल, तिकीट लावायची गरज नाही. पेन्सिलीनं लिहिलंस तरी मी वाचीन, आता मला बारीक अक्षर दिसतं. पण लेखी, आणि तुझ्या सहीनं.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी
अक्का