काचेचं तळं

३ जून
आजपासून नोकरी सुरू. कलकत्त्याच्या बेहाला भागात प्रभाकरकाकांच्या कारखान्यात रंगारी म्हणून लागलो. महाराष्ट्रातल्या एका संग्रहालयासाठी ते माळरानातल्या राष्ट्रीय उद्यानाचा देखावा करतायत. खरी माती, खरी बाभूळ, काचेचं तळं, त्यात प्लास्टरचे रोहित पक्षी, करकोचे, चक्रवाक. मी पक्षी रंगवायचे आणि मराठी पाट्या लिहायच्या. काका म्हणाले, दहावी नापास आणि शुद्धलेखनाचा मास्तर, असा माणूस कलकत्त्यात एकच. आईने बालीगंजमधल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत पेढे वाटले.

६ जून
बाहेर सदरा अंगाला चिकटतो. देखाव्याच्या खोलीत मात्र ओला पंचा बघता बघता कडक होतो. फार दमायला होतं. पहिली पाटी लिहिली, ‘उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आटतं.’ काकांच्या कागदावर ‘पाणि’ होतं. शेवटचा इकार दीर्घ, मी सुधारला. काठावर रखवालदाराचा बसलेला पुतळा आहे, ओठांवरच्या भेगासुद्धा कोरलेल्या. काका म्हणाले, माझ्याआधीच्या रंगाऱ्याने, प्रकाशने, स्वतःच्या हौसेने केला आणि न सांगता डमडमला घरी निघून गेला.

१० जून
तळं लहान झालंय. काल रोहितांचे पाय काचेत होते, आज भेगाळलेल्या चिखलात. काका म्हणाले, तुझ्या डोळ्यांवर झोप आहे, चहा घे. घेतला. तहान तशीच. बाटली भरून ठेवतो, न पिताच रिकामी होते. सोडून द्यावंसं वाटतं. पण शनिवारी ट्रक येणार, तोवर काम पुरं केलं तर मला कायम करणार आहेत. आईला काय सांगू?

१२ जून
रखवालदाराच्या ओठांचा रंग उडालेला. ओला कुंचला टेकवला. कोरडा होऊन आला. पुन्हा बुडवला — पुन्हा कोरडा. मग ओठ हलले. पळायला हवं होतं. पण त्याला अजून हवं होतं, मी पाजत बसलो. हातपाय जड झालेत.

१३ जून
त्याच्या शेजारीच बसलोय. उठवत नाही. जिभेवर माती. पक्षी सगळे आमच्याकडे तोंड करून —

काका आले. माझ्यासमोर उभं राहून मला हाका मारल्या, शंतनू, अरे शंतनू. मग आईला फोन. म्हणाले, वहिनी, हाही न सांगता गेला हो. पण जाता जाता पुतळा फर्मास करून गेलाय, हातात वही न् पेन्सिलसुद्धा दिलीये.

मी इथेच — बोटं अजून —

आई पाणि

नाही, दीर्घ —

पाण