सोडून द्यायचं म्हणजे काय?

शुक्रवार संध्याकाळ, मगरिबच्या नमाजानंतर, नळदुर्ग

नसरीनचा पुण्याहून फोन आला. लेक तिथं ध्यानाच्या वर्गाला जाते. म्हणाली, "अम्मी, रोज शांत बसून श्वासाकडं लक्ष द्या. मिळालं त्याचे आभार माना. हातात न्हाय ते सोडून द्या."

मला हसूच आलं. "बेटा, तुझे अब्बा जन्मभर हेच सांगायचे. सब्र ठेवा, शुक्र माना, बाकी अल्लाहच्या हवाली."

ती म्हणाली, "तेव्हा मला ती बोलणी वाटायची, अम्मी."

नसरीनचे अब्बा जाऊन वर्ष होत आलं. पण सोडायचं म्हणजे नेमकं काय? रात्री इशाच्या नमाजाच्या वेळी अजून दाराची कडी काढून ठेवते मी, ते मशिदीतून येतील म्हणून. ते सोडायचं?

मग तीच म्हणाली, "चला, आत्ता दोघी मिळून बसू." फोन शेजारी ठेवून मी नमाजाची चटई, जानमाज, अंथरून बसले, हळूहळू अल्लाहचं नाव घेत राहिले. ती बोलत नव्हती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. किती महिन्यांनी या घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकला!

"झालं का, अम्मी?"

झालं होतं. तरी म्हटलं, "न्हाय गं. अजून थोडं बस."