कालवडीचा भरडा

८ नोव्हेंबर १९६४, धाड
कपिली गेली! बांधावर चरताना पान लागलं. नाग होता की फुरसं, कुणी पाहिलं नाही. मागं तीन आठवड्यांची कालवड. श्रावणात संसार अर्धा टाकून आशा गेली, आता तिची गाय. अकोल्याहून उद्धवचं एकच टुमणं — बाबा, गुरं विका अन् इकडे या. ही कालवड वाचली नाही, तर मुलाला नाही म्हणायला मला काही उरणार नाही.

९ नोव्हेंबर
आशाची धाकटी बहीण तानुबाई दोन घरं सोडून राहते. कालवडीला आपल्या गाईचं दूध देते म्हणाली. "पन दाजी, निस्त्या दुधावर कशी वाढन? दाना लावा तिले."
दाणा कसा लावायचा? मी शाळा पाहिली, गोठा आशाचा होता.

१५ नोव्हेंबर
शेजारी किसनराव म्हणाले, "ज्वारी भिजू घाला गुरुजी, खाते मंग." खाल्ली. सकाळी शेणात दाणे अख्खेच्या अख्खे! चिमण्यांची चंगळ झाली.

१८ नोव्हेंबर
गिरणीतून ज्वारी बारीक दळून आणली. कालवडीनं तोंड घातलं अन् फुर्र केलं — नाकपुड्या पांढऱ्या, माझं धोतर पांढरं. आशाला दाखवायला वळलो. मागं भिंत.

२१ नोव्हेंबर
कालवडीची डावी कूस ढोलासारखी फुगली! शेण पातळ, आंबूस. नुसती दात खात उभी. किसनराव अन् मी गाडीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तेल पाजलं, कूस चोळायला लावली. चोळता चोळता पुटपुटत होतो — आशा, हिला नेऊ नकोस. दुपारी कूस उतरली, तेव्हा कुठं पायरीवर बसलो.
डॉक्टर तरुण, सांगलीकडचे. म्हणाले, "पीठ घालत होता ना गुरुजी? वासराचं मोठं पोट जन्मताना नुसती लहानशी पिशवी असते. दूध तिला वगळून पुढं जातं. दाणा आत पडून आंबला, की ती पिशवी वाढते, तिला आतून जोर येतो. पण पीठ एकदम आंबतं, पोट बिघडतं. अन् ज्वारीचा अख्खा दाणा तसाच बाहेर. दाणा फोडा फक्त. भरडून घाला."

२२ नोव्हेंबर
भरडून! दिवसभर तोच शब्द. पहाटे अंथरुणात मला दोन आवाज यायचे. आधी घरच्या पिठाची एकसारखी घरघर. मग आशा थांबायची, जात्याशी काहीतरी करायची, अन् खडखड सुरू व्हायची. खडखड थांबली की चहा. एवढंच मला ठाऊक! त्या खडखडीत कपिलीचं पोट घडत होतं. मी चहाची वाट पाहत होतो.
आज जातं पुसून काढलं. श्रावणापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

२३ नोव्हेंबर
तानुबाईनं जात्याच्या मधल्या मेखेला चिंधी गुंडाळली. वरचा दगड जरासा उचलला गेला, दाणा फुटेल पण पीठ होणार नाही इतका. "आता वढा. आमची आशाबाईबी असंच करे." ओढलं — खडखड! तीच!! तानुबाईनं पदर डोळ्यांना लावला. मी जोरजोरात ओढत राहिलो.

२ डिसेंबर
शेण घट्ट. दाणा दिसत नाही. हाताला फोड.

२० डिसेंबर
कालवड उन्हात बसून रवंथ करते आहे! किसनरावांना हाक मारून बोलावलं. "वा गुरुजी, गाय झाली की हे!" दोघं बांधावर बसून नुसते बघत होतो, सिनेमा बघावा तसे.

१५ जानेवारी १९६५
उद्धव संक्रांतीला न्यायला आला होता. "बाबा, एका वासरापायी किती दिवस थांबाल?" मी म्हटलं, "तिला अजून भरडा लागतो." एकटाच गेला.

११ मार्च १९६८
आमची कालवड व्याली! तिलाही कालवडच झाली. ओली, थरथरती, दोनदा पडली, मग उठून सरळ आईच्या सडाशी. मी भरडा घेऊन उभा, तर माझ्याकडे कुणी पाहीना. तानुबाई हसली — "तिले तिची माय हाय, दाजी. अन् गोठा मी पाहीन. तुमचं काय काम इथं?"
खरंच, काही नाही. उद्या बुलढाण्याची पहिली एस.टी. धरून अकोल्याला जातो. नात चालायला लागली म्हणतात.