पर्सिमन कोणी नेली?

तीर्थरूप शरयू मावशीस,

शॉमबर्गहून यतीनचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समज). वेस्ट विंडसरला सुखरूप पोचलीस, हे तुझ्या ईशानने कळवलं. गुडघे काय म्हणतात? पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू गेलीस त्याच दिवशी माझ्या झाडावरची सगळी पर्सिमन गेली. (तू ज्यांना टोमॅटो म्हणालीस, ती. तुझ्यावर संशय नाही. दिवस जुळतो, एवढंच म्हणतो.) नर्सरीवाला म्हणाला होता, हे झाड इथल्या थंडीत टिकतं. पण माझा नर्सरीवाल्यांवर विश्वास नाही, म्हणून दर हिवाळ्यात मी त्याला तू लग्नात दिलेली गोधडी गुंडाळत आलो. इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा फळ धरलं. मला ते एकदा, फक्त एकदा, चाखायचं होतं. कच्चं खाल्लं तर जीभ आखडते, म्हणून झाडावरच मऊ होण्याची वाट पाहत होतो. त्यावर तू मला वेड्यात काढलंस. "आंबे काय झाडावर पिकवतात?"

आधी खारींवर संशय घेतला. पण खार देठ कात्रीने कापत नाही. म्हणजे माणूस, आणि माणूस म्हणजे शेजारचा देवांग. त्याच्याकडेही हेच झाड आहे आणि हा गृहस्थ एकेका फळाला पांढऱ्या जाळीची पिशवी बांधतो. सरळ माणूस इतकी काळजी घेत नाही. मी त्याला चहाला बोलावलं आणि जीभ आखडली आहे का ते पाहायला तासभर बोलतं ठेवलं. (उत्तम चालते.) जाताना म्हणतो, "यार यतीन, माझी पण फ्रूट्स गेली." चोराच्या उलट्या बोंबा! मी मंडळाच्या ग्रुपवर नाव न घेता लिहून टाकलं, की हल्ली शेजारीच फळं चोरतात. तेव्हापासून घरात नेत्रा माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझा,
यतीन

ता. क. नेत्रा आकाशकंदील आणायला बेसमेंटमध्ये गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. तुझ्या गोधडीत, वर्तमानपत्रं अंथरून, रीतसर अढी! फळं मधासारखी मऊ. एक खाल्लं. मावशी, खरंच डोळ्यांत पाणी आलं. तुझ्यावर मी कधीच संशय घेतला नव्हता.

पुन्हा ता. क. आत्ता अढीचा खालचा थर काढला. त्यातली फळं पांढऱ्या जाळीच्या पिशव्यांत आहेत. रविवारी देवांग चहाला येतोय. त्याची फळं नेणारा चोर कोण, ते आम्ही दोघं मिळून शोधणार आहोत. त्याला काय सांगू? पत्र नको, फोनच कर. मध्ये एक शब्द बोलणार नाही.