जांभळी झालर

प्रिय मित्रा,

तुझे जोडभिंग परवा आपल्या दुर्बिणीच्या नळीत बसवले. लेकीकडे जाण्यापूर्वी तू ते ज्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले होतेस, त्यातून ते जसेच्या तसे निघाले. एकही ओरखडा नाही. दोन भिंगांच्या मध्ये ठेवायचे चंदेरी कागदाचे तुकडेही तूच कापून ठेवले होतेस, म्हणून माझ्या थरथरत्या बोटांची अब्रू वाचली.

तुझ्या चष्म्याच्या दुकानामागची खोली आता फार शांत असते. तू काच घासायची आणि मी स्टुलावर बसून चुका काढायच्या, ही आपली वाटणी. जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाला दुसरे येते काय? 'अनुस्वार' हे नाव तू मला तिथेच ठेवलेस. "अरे अनुस्वारा, चंद्रावर शुद्धलेखनाच्या चुका नसतात, जरा मजेत बघ की!" असे तू ओरडायचास, आणि मी मात्र चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते असे सांगून तुझ्या चहाची चव घालवायचो.

त्या झालरीवरून आपण किती भांडलो! साध्या काचेचे फुगीर भिंग प्रकाशाचे रंग फाकवते, जड काचेचे खोलगट भिंग ते पुन्हा एकत्र आणते. जांभळा तेवढा मागे रेंगाळतो. लहान दुर्बिणीत तो खपून जातो, भिंग मोठे केले की तोही माजतो. नळी खूप लांब केली असती तर तो बराच दबला असता. परंतु दुर्बीण शाळेला द्यायची होती, आणि "शाळेतल्या बाईंना एकटीला गच्चीवर नेता आली पाहिजे," हा तुझा हट्ट. उंची काच आपल्या आवाक्यातली नव्हती. डोळ्याशी पिवळी काच लाव, असे सुचवले तर खवळलास: "म्हणजे रोग तसाच ठेवून रोग्याला गॉगल घालायचा का?" मग पुन्हा वक्रता बदलायची, पुन्हा घासायचे. पोटात कळ आली की तू बाक धरून उभा राहायचास, आणि ती ओसरली की हात परत काचेवर.

काल दुपारी वहिनींचा फोन आला. "भावोजी, एवढं एकच करा हो. रंग गेला म्हणून लिहा. त्यांचा जीव अडकलाय त्यात. आणि डॉक्टर काय म्हणाले, त्यातलं अक्षरही नको." त्या रडत होत्या. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणण्याचेही धैर्य झाले नाही.

संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर नेली. जिन्यात टेकावे लागले, तरी एकट्याने नेली. तेवढे तुझे साधले आहे. चंद्र अर्धा होता. विवरांच्या सावल्या इतक्या रेखीव मी कधी पाहिल्या नव्हत्या. आणि उजळ कडेवर झालर होतीच. भिंगाची कडी सैल केली, पुन्हा आवळली, डोळा बदलून पाहिला. पूर्वीपेक्षा ती अरुंद झाली आहे, असे लिहिता आले असते. तशी ती झालेली नाही.

लेकीकडून तू पाठवलेल्या चिठ्ठीत दोनच प्रश्न होते: रंग गेला का, आणि मी यातून उठणार का? घरचे सांगत नाहीत, तू सांगशील, असे खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होतेस. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. पोटातली गाठ यकृतात पसरली आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विचार सोडून दिला आहे. वहिनींवर रागावू नकोस, मला हवे तेवढे बोल. रविवारी मी दुर्बीण घेऊन तिकडे येतो आहे. तुला खाटेसकट अंगणात आणावे लागले तरी आणू. भिंग आता उतरवायचे नाही. चंद्र जसा दिसेल तसा पाहू. आभाळ भरलेले असेल तर ते निवळेपर्यंत मी तिथेच थांबेन. तेवढे तूही थांब.

तुझाच,
अनुस्वार