वाढत्या अंगाचे कपडे

२ जून

पोचलो एकदाच्या. दोन बॅगा, एक गादी, माझा फोन, ट्रायपॉड आणि सहा वर्षांची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. नवी नोकरी म्हणजे लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानाचं पेज सांभाळायचं: फोटो, रील, खाली चार चटकदार ओळी, आलेल्या मेसेजना गोड उत्तरं. मालकीणबाईंना सगळेच मावशी म्हणतात, दुपारपर्यंत मीही म्हणायला लागले. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी राहायला दिल्यात. खिडकीतून इतका सुरेख उजेड येतो की रीलसाठी वेगळा दिवा नको. मावशींना फोनमधलं ओ की ठो कळत नाही, मला सुईत दोरा ओवता येत नाही. आमचं जमणार.

९ जून

आज मावशींचे हात शूट केले. मुलांचे कपडे शिवताना शिवणीत आणि खालच्या दुमडीत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करायचा. मावशी माया सढळ हाताने सोडतात, दुकानाचं नाव त्यावरच झालंय. मी लगेच ओळ ठोकली, ‘पोर वाढेल तसा फ्रॉकही वाढेल’, आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

एका निळ्या फ्रॉकला मात्र अजिबात माया नव्हती. विचारलं तर मावशी म्हणाल्या, एक बाई आहेत, माझे केस काळे होते तेव्हापासून मुलीसाठी हाच फ्रॉक नेतात. जुना विटला की नवा, माप तेच. मुलगी वाढलीच नाही कधी. काही दुखणं असेल बिचारीचं, आपण गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये. मीही मग डोकावले नाही.

१४ जून

आगाऊपणा केला, पण फळला. मावशी बटणं आणायला गेल्या होत्या. निळा फ्रॉक टांगलेला, ऊन पडलेलं, मुंगी रिकामी. घातला तिला. जणू तिच्यासाठीच बेतलेला. तिने दोन गिरक्या घेतल्या, मी रील केली आणि टाकून दिली. संध्याकाळपर्यंत लोक अक्षरशः तुटून पडले. मेसेजना उत्तरं देता देता बोटं दुखली.

मावशींनी रील पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. “गिऱ्हाइकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगाला लावायचा नाही,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, इस्त्री करून देऊ, कोणाला कळतंय? रील काढली नाही. चालत्या गाड्याला खीळ घालायला मी काय खुळी आहे?

१७ जून

त्या बाई फ्रॉक न्यायला आल्या. बारीक, अदबशीर, हळू बोलणाऱ्या. त्यांनी रील पाहिली होती. मी माफी मागायच्या बेतात, तर त्यांनी मुंगीला समोर उभं केलं आणि विती टाकत खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिला मोजलं. मग म्हणाल्या, रील काढू नका हं, आमची मुलगी दिवसभर तीच बघत बसते. फ्रॉकच्या गळ्याचा वास घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला. मला कसंसंच झालं. पण बाई रागावल्या नाहीत म्हणून मावशींचा जीव भांड्यात पडला, माझाही पडला.

३० ऑगस्ट

दुकानाला उसंत नाही. मावशींनी हाताखाली आणखी एक बाई घेतली. आणि निळ्या फ्रॉकवाल्या बाई पुन्हा आल्या, इतक्या लवकर त्या कधी येत नाहीत म्हणे.

“या वेळी माया सोडा,” म्हणाल्या. “पोरगी अंग धरायला लागलीय.”

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार बरं वाटलं, कापडाचा फोटो काढून पेजवर टाकला. जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला. सगळे तुमचेच उपकार, म्हणाल्या. मला वाटलं, बोलायची रीत.

२१ ऑक्टोबर

आज मुंगीच्या शाळेच्या गणवेशाची रील करायची होती. जूनमध्ये शिवलेला, आता माया उसवायची, आधीचा आणि नंतरचा असं दाखवायचं. कॅमेरा चालू केला, तिला उभं केलं. उसवायला कारणच नाही. खालची दुमड पहिल्या दिवशी होती तिथेच.

बूट वाढत्या अंगाचे घेतले होते, पुढे अजून कापूस घालावा लागतो. जूनमध्ये हलणारा दात तसाच हलतोय, पडत नाही. मी तिची नखं शेवटची कधी कापली? आठवतच नाही. कापलीच नाहीत. वाढलीच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, मुलं थांबून थांबून वाढतात, काळजी करू नका. मावशींना सांगितलं. त्या टेप गुंडाळत राहिल्या.

२९ ऑक्टोबर

शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात. मुंगी आता सगळ्यात पुढे.

रील काढून टाकली. पेजवरून, फोनमधून, सगळीकडून. भीती वाटते म्हणून काढली, खोटं कशाला लिहू?

तासाभरात बाईंचा मेसेज. कोणाच्या तरी फोनवर आमचीच रील चालू आहे, त्याचा व्हिडिओ. मुंगी फिरते आहे. कडेला एक लहान बोट, काचेवरून मुंगीला गोंजारणारं. खाली बाईंनी लिहिलंय, तिने ठेवून घेतलीय, काळजी नसावी.

१२ नोव्हेंबर

बाई आल्या. आणखी मोठं माप. मावशींनी कात्री खाली ठेवली, म्हणाल्या, माझ्याच्याने होणार नाही. बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून जूनमधला निळा फ्रॉक काढून माझ्यापुढे धरला.

“हा आमचीला लहान झाला. तुमचीला होईल.”

मी तो केराच्या टोपलीत टाकला. वर आले तर मुंगीच्या अंगात तोच. कुठून घेतलास, विचारलं. सांगेना. आणि सैल — खांद्यावरून घसरत होता —

१५ नोव्हेंबर

सामान बांधलं. मावशींनी सकाळची गाडी ठरवून दिलीय. मला जवळ घेऊन रडल्या, मीच तो कपडा शिवला, म्हणाल्या. मी म्हटलं, घातला मी.

मुंगी आज दिवसभर एका जागी बसून आहे. फ्रॉक काढू देत नाही. उचलली तर —— वजनच नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ

गाडी आली नाही. बाई आल्यात. मुलीला घेऊन.

खिडकीतून फक्त वेणी दिसली. लांब. मावशी दारात आडव्या उभ्या आहेत, ऐकू येतंय. आता मावशींचा आवाज नाही.

मुंगी माझ्या मांडीवर. दोन्ही मुठींत माझी बाही. लिहून ठेवते — माझी ती ही. मांडीवरची. दुसरी कोणी नाही.

जिन्याशी हाक. आई. मुंगीचाच आवाज, थोडा मोठा, भरलेला —

ओ द्यायची नाही. तोंड दाबून धरलंय. पुन्हा — आई, ये ना — इतकी लाडाने —

मी ओ दिली. मी नाही, माझ्या तोंडाने — बाहीवरची मूठ सुटली — मांडीवर नुसता फ्र