देवीच्या नावाचा पासवर्ड

मुरलीदादा,

हॅकरने आपल्या ट्रान्सपोर्टच्या कॉम्प्युटरमधून गिऱ्हाइकांची माहिती चोरली, धमकीची मेल टाकली आणि तू मुकाट्याने पैसे भरलेस. पोलिसांत जाऊ म्हटलं तर म्हणालास, "द्वारका चौकात बोभाटा होईल. मग माल कोण देईल आपल्याला?" म्हणजे भीती चोराची नव्हतीच, शेजारचे ट्रान्सपोर्टवाले हसतील याची होती. चोराने नेमकं तेच ओळखलं.

आपल्या प्रत्येक ट्रकच्या काचेवर 'सप्तशृंगी' लिहिलंय आणि पासवर्डही तोच! पैसे भरल्यावर तरी बदल म्हटलं, तर म्हणे देवीचं नाव पुसायचं नसतं.

आज त्याची दुसरी मेल आली. तू लगेच 'आदरणीय सर' लिहून उत्तराला बसलास.

हे पत्र तुला देणार नाही. तू फक्त धमकीचीच पत्रं नीट वाचतोस.

तुझा कॉम्प्युटर फुकटात सांभाळणारी बहीण,
प्रतिभा